दोन हद्दींमधली वाट

शुक्रवारी सकाळी साडेदहाला वरच्या वसाहतीतल्या शेवटच्या चेंबरमध्ये कनिष्ठ अभियंत्याने हिरवा रंग मिसळलेले चार पिंप पाणी ओतले. जमिनीखालच्या ड्रेनेजच्या नळातून उताराने वाहत ते खाली शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी निघायला हवे होते. तिथल्या उघड्या चेंबरच्या काठावर समन्वय अधिकारी बाई गुडघे मुडपून बसल्या होत्या. पाणी पोचायला वीस मिनिटे लागतील असा त्यांचा अंदाज होता. पस्तीस मिनिटे झाली होती.

"दिसतंय का काही?" अभियंत्याने फोनवरून विचारले.

"नाही."

"इथून तर गेलं, बाई. गडप झालं."

"गडप होऊन जाईल कुठे? वाटेतच असेल कुठेतरी."

केंद्राचा पंपचालक मागे उभा होता. तो म्हणाला, "बिल्डरच्या नळातलं पाणी आहे, बाई. कबूल केलेल्या वेळेला कधी येतं का?" आणि कोणी हसत नाही असे पाहून स्वतःच थोडा हसला.

वरच्या वसाहतीतल्या दोनशे चाळीस कुटुंबांना सोमवारी घरांचा ताबा मिळायचा होता. त्यासाठी लागणारा ना-हरकत दाखला टंकून तयार होता, त्यावर फक्त बाईंची सही राहिली होती. सांडपाण्याचा नळ घरापासून केंद्रापर्यंत सलग आहे याची खात्री करून ती सही करायची, एवढाच त्या सहीचा अर्थ होता.

नगर नियोजन विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर बाई अठरा वर्षे हेच काम करत होत्या. जो नवी घरे बांधतो, त्याने त्या घरांमुळे गावावर पडणाऱ्या भाराचा काही वाटा उचलावा, असा नियम आहे. कोणी शाळेसाठी जागा द्यायची, कोणी रस्ता, कोणी पाण्याची टाकी, कोणी नळ. हे वाटे ठरवणे, ते एकमेकांत बसवणे आणि कितवे घर भरण्याआधी कोणते काम संपले पाहिजे याचे पत्रक सांभाळणे, हे बाईंकडे होते. बैठकीत एखादा बिल्डर घरांचे रंग आणि बागा यांविषयी बोलू लागला की त्या मधेच विचारायच्या, "ते झालं. त्याच्या आधी काय?" यावरून कचेरीत त्यांना सगळे आधीबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होते आणि त्यात त्यांना फारसे वावगे वाटत नसे.

या प्रश्नाला कारण होते. त्यांचे आईवडील नव्या वसाहतीत राहायला गेले तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. शाळा पुढच्याच वर्षी होणार होती. पुढच्याच वर्षी ती दरवर्षी होणार असे. दोघी बहिणी मोठ्या रस्त्याच्या कडेने, ट्रकांचा वारा अंगावर घेत, चार किलोमीटर चालत जायच्या. वसाहतीतली शाळा उघडली त्याच उन्हाळ्यात बाईंची शाळा संपली. आधी कळस मग पाया ही म्हण इतरांना तोंडपाठ असते. त्यांच्या पायांना पाठ होती.

अभियंता खाली आला आणि दुपारपर्यंत तो आणि बाई एकेक झाकण उघडत वर चालत गेले. घोडे कुठे पेंड खात होते ते एका ठिकाणी कळले. डॉक्टरांच्या जमिनीतला शेवटचा चेंबर हिरव्या पाण्याने काठोकाठ भरला होता. (डॉक्टर म्हणजे दवाखाना बंद करून घरे बांधू लागलेले वरच्या वसाहतीचे मालक.) समोर, खालच्या बाजूला घरे बांधणाऱ्या बिल्डरच्या जमिनीतला पहिला चेंबर कोरडा ठणठणीत होता. मध्ये गाडीवाट होती, दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामधले गवत. अभियंत्याने टेप धरली. बावीस मीटर. या बावीस मीटरांत नळ नव्हताच.

दोन्ही बाजूंचे काम चोख होते. डॉक्टरांच्या करारात लिहिले होते, हद्दीपर्यंत नळ टाकावा, त्यांनी टाकला. बिल्डरच्या करारातही तेच होते, त्यानेही टाकला. दोघांनी आपापल्या नळाची तोंडे विटांनी नीट बंद केली होती. मोजणीदाराने दोन्ही कामे वेगवेगळ्या दिवशी मोजून दोन्ही पूर्ण असल्याचे लिहून दिले होते. कोणी खोटे बोलले नव्हते. आपल्या सार्वजनिक जीवनातले पुष्कळ अनर्थ असेच घडतात: प्रत्येकाचा वाटा पुरा होतो, आणि वाट्यांची बेरीज म्हणजेच पूर्ण काम असे सगळे गृहीत धरतात.

पण बाईंचे मन या सामान्य सत्यावर थांबले नाही. कचेरीत परतल्यावर त्या आपल्या खोलीतल्या भिंतीवरच्या नकाशासमोर उभ्या राहिल्या. अकरा वर्षांपूर्वी दोन्ही जमिनींचे नकाशे वेगवेगळे आले होते. दोघांच्याही आरेखकांनी फक्त स्वतःची जमीन काढली होती. मधली वाट कोणाचीच नसल्यामुळे ती कोणाच्याच कागदावर नव्हती. सगळा भाग एकत्र दिसावा म्हणून बाईंनीच ते कागद भिंतीवर जोडले होते. त्यांना स्पष्ट आठवत होते. रस्त्याच्या खुणा जुळवून कागद ठेवला तेव्हा नळाच्या दोन लाल रेषांमध्ये बोटाएवढे अंतर राहत होते. आरेखकाचा हात हलला असेल, असे म्हणून त्यांनी वरचा कागद खाली सरकवला, रेषेला रेषा भिडवली आणि गोंद लावला. रेषा जुळत नव्हत्या, त्यांनी जुळवल्या. पुढची सगळी पत्रके, सगळे करार त्या नकाशावरून झाले.

विभागप्रमुख साहेबांनी त्यांचे म्हणणे उभ्यानेच ऐकले.

"बाई, बावीस मीटर! एवढ्यासाठी दोनशे चाळीस घरं अडवणार?"

"पाणी बावीस मीटर उडी मारत नाही, साहेब."

"टँकर लावू. रोज उपसून नेतील."

"किती दिवस?"

"नळ होईपर्यंत."

"नळ घालणार कोण? वाट कोणाच्या नावावर आहे तेच जुन्या कागदांत नाही. खोदायची परवानगी कोणाकडे मागायची?"

साहेब खुर्चीत बसले. "नकाशा कोणी जोडला होता, हे मी तुम्हाला विचारलं का? नाही विचारलं. तुम्हीही सांगू नका. डॉक्टर बिल्डरकडे बोट दाखवेल, बिल्डर डॉक्टरकडे. भांडू दे त्यांना वर्षभर. तुम्ही सही करा आणि घरी जा."

त्यांचा स्वर खरोखरच काळजीचा होता, आणि म्हणूनच तो टाळणे कठीण होते.

टंकलेला दाखला पिशवीत घालून बाई घरी गेल्या. शनिवारी सकाळी त्यांनी तो दोनदा बाहेर काढला. टँकर रोज आला तर काहीच बिघडणार नव्हते. एक दिवस चुकला तर चेंबर भरून मैला वाटेवर येणार होता, आणि खालच्या जुन्या वस्तीची पाण्याची बोअर वाटेला लागूनच होती. टँकर चुकणार नाही, असे अठरा वर्षांच्या अनुभवानंतर त्यांना स्वतःला पटवता येईना. दुपारी त्या धाकट्या बहिणीकडे गेल्या. त्या दोनशे चाळीस घरांतले एक बहिणीचे होते.

"ताई, ये. बसायला मात्र खोकंच आहे हो, खुर्च्या बांधल्यात," बहीण म्हणाली.

बहिणीच्या सासूबाई भांड्यांच्या पोत्याला टेकून बसल्या होत्या. "नव्या घरात मला स्वतंत्र खिडकी देणार आहेत," त्या बाईंना म्हणाल्या. "या वयात बढती! पगार तेवढा तोच."

बाईंनी सांगायचे ते सांगून टाकले. बहिणीच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"मंगळवारी या खोलीत नवा भाडेकरू येतोय. रंगारी बघून गेला, ताई. आम्ही जायचं कुठे?"

"माझ्याकडे या."

"पाच माणसं, तुझ्या दीड खोलीत? आणि बाकीचे दोनशे एकोणचाळीस? त्यांनाही बोलावलंयस?"

बाईंनी पिशवी खोक्यावर ठेवली.

"टँकर लावतायत ना? मग लावू देत. आणि सगळ्यांच्या हातून झालेली चूक नेमकी तुझीच कशी असते गं? लहानपणापासून हेच. आईच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं तरी तू पुढे होऊन म्हणायचीस, मी चाखलं होतं."

"चाखलं होतं मी."

"मग?"

"मग तेव्हाच बोलायला हवं होतं."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "हिने सही केली तर लोक म्हणतील बहिणीसाठी केली. नाही केली तर म्हणतील साधुत्व मिरवते. दोन्हीकडून मार आहे बिचारीला."

"मार हिला नाही," बहीण म्हणाली. "सामान आमचं बांधलंय." बाई उठल्या तेव्हा ती दारापर्यंत आली नाही.

रविवारी बाईंनी टंकलेला दाखला फाडला आणि दुसरे पत्र हाताने लिहिले. त्यात चार वाक्ये होती. दोन हद्दींमध्ये बावीस मीटर नळ नाही. डॉक्टर आणि बिल्डर या दोघांनी आपापल्या करारातले काम पुरे केले आहे. दोन नकाशांतल्या रेषा जुळत नसताना मी त्या जुळवून चिकटवल्या, त्यामुळे हे अंतर कोणाच्याच करारात आले नाही. नळ सलग होईपर्यंत ताबा देऊ नये. तिसरे वाक्य काढले तरी पत्राचे काम भागले असते, हे त्यांना कळत होते. पण ते काढले तर वर्षभर दोन निर्दोष माणसे भांडत राहतील आणि वाट तशीच राहील. नोकरी राहील का, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि लिहून झाल्यावरही गेला नाही.

सोमवारी नऊ वाजताच कचेरीचा जिना माणसांनी भरला. दोन-तीन जण नव्या घरासाठी घेतलेली कुलपे हातात घेऊनच आले होते. बाई पहिल्या मजल्यावरच्या वळणावर उभ्या राहिल्या आणि पत्रातली चारही वाक्ये त्यांनी मोठ्याने वाचली. शिपायाने घाईने तांब्याभर पाणी आणून ठेवले, ते त्यांनी घेतले नाही.

"चूक तुमची आणि शिक्षा आम्हाला," कठड्याला टेकलेला एक शिंपी म्हणाला. "हा कुठला न्याय?"

"न्याय नाही," बाई म्हणाल्या.

"मग काय आहे?"

"तुम्ही राहायला गेलात तर तुमची घाण वाटेवरून दुसऱ्यांच्या पाण्यात जाईल. एवढंच मला नक्की माहीत आहे."

"आमच्या पोरांनी काय, हवेत राहायचं?" मागून कोणीतरी ओरडले. "खुर्चीवर बसून नकाशे चिकटवायला काय जातंय यांचं!"

तिसऱ्या पायरीवर धाकटी बहीण उभी होती. "मॅडम," ती म्हणाली, आणि तिने ताई न म्हटल्याचे बाईंखेरीज कोणाच्याच लक्षात आले नाही. "तारीख सांगा."

"तारीख नाही माझ्याकडे. वाट कोणाच्या नावावर लावायची हे साहेबांनी आज ठरवलं, तर तीन आठवडे. नाही ठरवलं, तर सांगता येत नाही."

"मग आज ठरवून आणा. आम्ही इथेच आहोत." ती पायरीवर बसली. शिंपी बसला. बघता बघता सगळा जिना बसला.

बाईंना साहेबांच्या खोलीत जायचे होते, आणि त्याआधी तळमजल्यावरच्या दप्तरखान्यातून वाटेचे जुने कागद आणायचे होते. त्या खाली उतरू लागल्या. माणसांनी नाराजीने का होईना, गुडघे वळवून त्यांना पाऊल ठेवायला जागा केली. शिंप्यानेही केली. बहिणीने केली नाही. ती समोर पाहत राहिली. बाई भिंतीला अंग घासत तिच्या बाजूने उतरल्या. दप्तरखान्याचे दार उघडेपर्यंत त्या मनात बावीस मीटर नळाला लागणारे दिवस मोजत होत्या, आणि दर वेळी आकडा वेगळा येत होता.