दंडावरचा हात

मंडळी, सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मी आणि निखिल ओमानमधल्या सूर शहरात एकाच कंपनीत आहोत. डिसेंबरात कॅरिबियनमधल्या एका बेटावर, पाण्याखालच्या गुहेत डायव्हिंगला जायचं आमचं चाललंय. आत गाळ उठला की काहीच दिसत नाही, म्हणून आज इथल्या एका वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीपात्रात, सराव केला. खडकांना दोरी बांधली आणि डोळ्यांवर पट्ट्या. मी दोरीच्या आधाराने पुढे, निखिल मागून माझा दंड धरून. हात सुटला तर जागीच थांबायचं.

वाटेत दोनदा दंड दाबला गेला, म्हणजे 'थांब'. मी थांबलो. मग एकदा दाबला, म्हणजे 'चल'. निघालो.

शेवटी पट्टी काढत म्हटलं, "मस्त जमलं रे!"

उत्तर लांबून आलं. "अरे, आहेस कुठे? मी कधीचा थांबलोय!"

निखिल पहिल्याच वळणावर उभा होता. त्याचा हात तिथेच सुटला होता. वादीत तिसरं कोणी नव्हतं.

सगळं सांगितलं तर तो हसलाही नाही. "तिकिटं आज नको काढूया," एवढंच म्हणाला.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण तो मागे आहे, याची मला शेवटपर्यंत पक्की खात्री होती. गुहेत याच खात्रीवर जीव सोपवायचाय.

तुम्ही गेला असतात?