होळीत गेलेलं फाटक

बक्षीस-समारंभांची मला मनापासून चीड आहे. म्हातारपणी माणसाचं थोडं नाव झालं की शाळावाले त्याला खुर्चीत बसवतात, गळ्यात हार घालतात आणि पोरांना दोन शब्द सांगा म्हणतात. माझ्या आधी कोणीतरी वकील नाहीतर मामलेदार उठतो आणि सांगतो की पोरांनो, कष्ट करा, दिव्याखाली बसा, म्हणजे आपोआप मोठे व्हाल. समोरची गरीब पोरं माना डोलावतात. मला उठून त्या गृहस्थाला तोंडावर सांगावंसं वाटतं की तुम्ही साफ खोटं बोलताय. मी बसलो होतो दिव्याखाली. दोन वर्षं बसलो आणि दोन्ही वर्षं दुसरीत नापास झालो. अक्कल कमी नव्हती. मी कुणाचाच नव्हतो, एवढंच. अशा पोराच्या डोक्यात काही शिरत नाही, कारण ही माणसं आपल्याला आत घेतील का, याच विचाराने ते डोकं काठोकाठ भरलेलं असतं.

माझे वडील आगगाडीच्या कंपनीत फाटकवाले होते. ठाण्याच्या स्टेशनाजवळ, कोपरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं फाटक होतं आणि फाटकाला लागून कंपनीने दिलेली एक खोली. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. रुळांच्या एका बाजूला ठाणं शहर, तिथे माझी सरकारी मराठी शाळा. दुसऱ्या बाजूला कोपरीतली एक आळी, मिठागरात राबणाऱ्यांची पंचवीस-तीस घरं, सगळी एकमेकांची सोयरी, आणि त्यांच्यामागे थेट खाडीपर्यंत मिठाचे वाफे. आम्ही अगदी मधोमध. गाडी यायची असली की दोन्हीकडची माणसं आमच्या दाराशी खोळंबायची आणि गाडी गेली की आमच्याकडे न बघता निघून जायची.

शाळेत मास्तर मला पालथा घडा म्हणत. मी दाराजवळ शेवटी बसायचो आणि वर्षभरात एक प्रश्न विचारला नाही. आळीतली पोरं मला घाटी म्हणत. त्यांची बोली मला कळायची, पण तोंड उघडलं की ती माझी नक्कल करून हसायची, म्हणून तिथेही मी मुकाच. ती बांधावर खेळत असली की मी त्यांचे सदरे सांभाळत बसायचो. एकदा त्यांनी मला खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलात ढकललं आणि मी वर येऊन त्यांच्याबरोबर हसलो. त्या हसण्याची मला अजून शरम वाटते.

शिमग्याच्या आधी पंधरा दिवस आळीत लाकडं जमवायचं सत्र चालायचं. रिवाज असा की होळीचं लाकूड मागून आणायचं नाही, विकत तर नाहीच. ते पळवून आणायचं. कुणाचं मोडकं बाजलं, कुणाच्या कुंपणाचे खांब, जे सापडेल ते. मालकाने वाटेत गाठलं तर लाकूड मालकाचं. पण एकदा का ते होळीवर चढलं, की मालकाने पोटभर शिव्या द्याव्यात आणि घरी जावं. परत मागायचं नाही. जो पोर लाकूड आणेल तो आळीचा गडी. संध्याकाळी होळी पेटली की त्याने फेर धरायचा, बोंब ठोकायची, आणि निखाऱ्यांतून काढलेल्या नारळाचा तुकडा त्याच्या हातावर पडायचा. बाकीच्यांनी लांबून बघायचं.

त्या वर्षी मला लांबून बघायचं नव्हतं. मी आईकडून पाच गोवऱ्या मागून घेतल्या आणि नेऊन दिल्या. आळीचा एक म्होरक्या होता, सत्तरीचा म्हातारा. सगळी आळी त्याच्या शब्दावर चालायची. त्याचा नातू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्या नातवाने विचारलं की या कुणी दिल्या. मी खरं ते सांगितलं. त्याने पायानेच गोवऱ्या परत माझ्याकडे सरकवल्या. आईने दिलेलं होळीला चालत नाही म्हणाला.

आमच्या खोलीच्या मागे जुनं फाटक भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. नवं बसवल्यावर काढलेलं, पण अस्सल सागाचं, कंपनीचा शिक्का मारलेल्या लोखंडी पट्ट्या ठोकलेलं. साहेब येऊन घेऊन जाईपर्यंत ते सांभाळायचं काम वडिलांचं होतं. मला हे पक्कं माहीत होतं. लहान होतो म्हणून कळलं नाही, असली सबब मी सांगणार नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसा मी कंपनीच्या सागावर उदार झालो. होळीच्या दिवशी दुपारी वडील रात्रपाळी करून झोपले होते, आई पाण्याला गेली होती. मी नातवाला आणि आणखी तिघांना बोलावून आणलं. खांद्यावर मिठाच्या पाट्या वाहणारी पोरं ती, त्यांनी ते धूड बघता बघता उचललं. मी पुढे धावत वाट दाखवत होतो. आळीत पोचलो तेव्हा बायका घराबाहेर येऊन बघायला लागल्या. एवढं मोठं लाकूड त्या होळीवर आजवर चढलं नव्हतं.

संध्याकाळी होळी पेटली आणि मी फेरात शिरलो. नातवाने माझ्या दंडाला धरून बाहेर काढलं. मी म्हटलं की लाकूड मी आणलंय. त्यावर म्होरक्याने शांतपणे निवाडा दिला की बापाच्या दारचं लाकूड ते घरचंच लाकूड, त्याला चोरी म्हणत नाहीत, तेव्हा हा गडी होत नाही. सगळे मान हलवून हो म्हणाले. पण फाटक काही कुणी खाली उतरवलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. मी लांब उभा राहून माझ्या बापाची नोकरी जळताना बघितली. फाटकाच्या जळत्या रंगाचा उग्र वास सुटला होता. नारळ फुटले, तुकडे वाटले गेले, माझ्या हातावर काही पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या लक्षात आलं. त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते आळीत गेले, होळीच्या राखेतून त्या पट्ट्या उकरून काढल्या आणि घेऊन निघाले, तर म्होरक्याने त्यांना अडवलं. होळीवर चढलेलं परत जात नाही. लाकूड नाही तसं लोखंडही नाही. वडिलांनी हात जोडले. निदान पट्ट्या तरी द्या, साहेबाला दाखवून सांगेन की लाकूड कुजलं होतं म्हणून मोडून टाकलं. माझ्या वडिलांना कुणापुढे हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आळीतल्या पोरांनी त्यांच्यावर राख उधळली. धुळवड होती ना, कुणाला बोलायची सोय नव्हती. ते रिकाम्या हाताने, राखेने पांढरे होऊन परत आले.

चार दिवसांनी साहेब रुळांवरच्या ढकलगाडीवर बसून आला. बरोबर कंपनीचा कारकून, दुभाषा म्हणून. साहेबाने फाटक मागितलं. वडिलांनी मागच्या रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवलं. कारकून आमच्यातलाच, पण साहेबापेक्षा वर आवाज चढवून बोलत होता. म्हणाला, फाटक कुठे गेलं ते सांग, नाहीतर आजच खोली खाली कर. आणि पोलीस आणून या समोरच्या आळीची घरन् घर झडती घेतो. हे त्याने मुद्दाम मोठ्याने सांगितलं, कारण एव्हाना आळीतली माणसं रुळापाशी जमली होती.

झडतीचं नाव निघताच म्होरक्या पुढे आला. त्याला आमचा कळवळा आला असं कुणी समजू नये. आळीतल्या निम्म्या पडव्यांना कंपनीच्या फळ्या लागल्या होत्या आणि मिठाच्या वाफ्यांच्या कडांनाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने साहेबाला वाकून नमस्कार केला आणि सांगितलं की पुनवेचं उधाण होतं, खाडीचं पाणी बांध ओलांडून इथवर आलं, त्यात ते फाटक वाहून गेलं. कारकुनाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, मग हा पोरगा होळीच्या दुपारी कुठे होता? त्याला कुणीतरी काहीतरी सांगितलेलं दिसत होतं. म्होरक्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“सायेब, यो पोर आमच्या आलीचा हाय. सकालधरनं आमच्यासंगं आगरान होता.”

मिठागराला ते आगर म्हणत. मी त्या आगरात त्या दिवशीच काय, कधीच कामाला गेलो नव्हतो. पण त्या हाताचं वजन डोक्यावर पडलं आणि मागे उभी असलेली सगळी आळी होय होय म्हणाली. नातूही म्हणाला. ही तीच माणसं होती, ज्यांनी चार दिवसांपूर्वी मला फेरातून बाहेर काढलं होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

कारकुनाचा विश्वास बसला नाही. तो वडिलांकडे वळला आणि म्हणाला, पोरगा तुझा की यांचा? खरं बोल. वडिलांनी खरं सांगितलं असतं तर मी चोर ठरलो असतो. पोरगा घरी होता म्हणाले असते, तरी म्होरक्याची साक्ष खोटी पडून तेच झालं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कारकुनाच्या पायांकडे बघत म्हणाले, “पानी आलं व्हतं, सायेब. आन् पोरगं माझ्याकडं नसतंच. त्यांच्यातलंच हाय ते.”

साहेबाने निकाल दिला. पाणी चढत असताना कंपनीचा माल उचलून ठेवला नाही, म्हणून फाटकवाला बेपर्वा. पावसाळा संपला की त्याची बदली घाटातल्या एका चौकीवर, जिथे आजूबाजूला वस्ती नाही. आळीला कुणी काही विचारलं नाही. मलाही नाही. आमच्या सगळ्यांच्या खोट्याचा भार ज्याच्यावर पडला त्याने मूळ चोरीतलं काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी म्होरक्याने मला बोलावलं. मीठखात्याकडून आलेला एक सरकारी कागद पुढे टाकला आणि वाच म्हणाला. आळीत कुणालाच वाचता येत नव्हतं. मला चार शब्दांपलीकडे लागेना. तो रागावला नाही. साहेबापुढे तुला आमचा म्हटलंय, आता शिक आणि वाच, एवढंच बोलून कागद माझ्या हातात दिला. मी तो शाळेत नेला आणि पहिल्यांदा मास्तरांना प्रश्न विचारला. एकदा विचारल्यावर दुसरा सुचला. आठ दिवसांनी मी तो कागद म्होरक्याच्या ओटीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवला, खाली बसलेली मोठाली माणसं कान देऊन ऐकत होती, आणि नातवाने मला बसायला स्वतःची जागा दिली. पुढे दर महिन्याला असा एखादा कागद यायचा. पावसाळ्यात शाळा तपासणारे डिपोटी परीक्षेला आले तेव्हा मी वर्गात दुसरा आलो. मास्तरांनी मिशीला पीळ दिला, जणू पालथा घडा त्यांनीच सुलटा केला.

आळीने मला वापरून घेतलं, हे मला ठाऊक आहे. कुणी मोठेपणाने समजावून सांगायला नको. पण वापरायलासुद्धा माणूस आपला लागतो. परक्याच्या हातात कुणी आपला कागद देत नाही. त्या एका खोट्यावर माझी पाटी चालायला लागली, माझी मान वर झाली, माझा आवाज फुटला. दिव्याने यातलं काही केलं नाही. तेल तर आधीही तेवढंच जळत होतं.

वडील घरी माझ्याशी कामापुरतं बोलत. मी दिवसभर आळीत असायचो आणि फक्त झोपायला खोलीवर यायचो. साहेबापुढे ते जे बोलले होते, ते पावसाळा संपेपर्यंत खरं झालं होतं. बदलीचा दिवस जवळ आला तेव्हा म्होरक्याने सांगितलं की घाटात शाळा नाही, पोराला इथेच राहू दे, माझ्या ओटीवर झोपेल. आई रडली. तिने वडिलांकडे बघितलं, ते काही म्हणतील म्हणून. ते बिछाना बांधत होते, तो बांधतच राहिले. त्यांनी मला चल म्हटलं नाही. मीही येतो म्हटलं नाही.

ज्या दिवशी ते निघाले, त्याच दिवशी आळी वाफ्यांत खाडीचं पहिलं पाणी घेणार होती. त्या कामाला आळीतली पोरं बांधावर ठरलेल्या जागी उभी राहतात आणि पाणी कुठे फुटतंय ते बघतात. मला त्या वर्षी जागा मिळाली होती, नातवाच्या शेजारची. सकाळी आईने विचारलं, स्टेशनापर्यंत येतोस का, ट्रंक जड आहे. मी म्हटलं, मला काम आहे. ट्रंक वडिलांनी एकट्याने डोक्यावर घेतली.

बांधावरून कळव्याच्या दिशेचा पूल दिसतो. पाणी वाफ्यात शिरत होतं तेवढ्यात गाडी पुलावर आली. नातवाने कोपराने ढोसून विचारलं, त्या गाडीत तुझे आईबाप ना? बघ तरी.

मी वर बघितलं नाही. मी म्हटलं, “जाव दे. तू पानी बघ.”

तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला जराही वाईट वाटलं नाही.