तात्यासाहेबांची सबकमिटी

आमच्या लोकल बोर्डाच्या कचेरीत कामापेक्षा किस्सेच जास्त तुंबायचे. मी तिथे ओव्हरसियर, म्हणजे रस्ते आणि विहिरी बघणारा. चार जण चहाला बसले, की कुणीतरी आमच्या अध्यक्षांचा, तात्यासाहेबांचा, विषय काढायचंच. मग काय, घरी जायला उशीर ठरलेला!

*

तात्या रोज पहाटे रामकुंडावर आंघोळ करणार, सोवळ्यात पूजा करणार आणि एखादा ठराव अडला की घरच्या देवीला कौल लावणार. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

बाबूराव वकील आमचे मेंबर, देवाधर्माच्या वाटेला न जाणारे. मीटिंगमध्ये तात्या "उद्या सांगतो" म्हणाले, की हे माझ्या कानाशी पुटपुटायचे, "ठराव सबकमिटीकडे गेला!"

झालं! तात्यांच्या देवघराला बोर्डभर सबकमिटी म्हणायला लागले. तात्यांना मात्र याचा पत्ता लागू नये म्हणून आम्ही फार जपायचो.

*

देवळाली कॅम्पातल्या एका कंत्राटदाराचा आमच्या रस्त्याच्या कामावर डोळा होता. त्यानं देवीला चांदीचं मखर देऊ केलं. तात्या म्हणाले, विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, डावी पडली.

बिचारा गोंधळला. नकार मखराला, की कामाला?

"दोन्हीला मिळून एकच कौल लावला होता," तात्या म्हणाले.

*

हरसूलकडच्या रस्त्याची आखणी माझी. ऐन मध्ये शेंदूर फासलेला वाघदेव निघाला. मी म्हटलं, दगड चार हात बाजूला घेऊ. तिथला म्हातारा काही केल्या ऐकेना, म्हणून तात्यांनाच गाडीतून नेलं.

म्हातारा त्यांनाही तेच म्हणाला, "देव नाय हालायचा, सायेब. तुमचा रस्ता हालतो का बघा."

तात्यांनी पायताण काढून देवाला नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हालतो का?"

हालला! आजही तिथे बैलगाडी वळसा घेते, आणि माझी आखणी कुणी नावाजत नाही.

*

आमचे दुसरे मेंबर इब्राहिमशेठ मालेगावचे, कापडाचे माग चालवणारे. रमजानात मीटिंग लांबली, तरी ते चकार शब्द बोलायचे नाहीत. एकदा नेमकी एकादशी आली. तात्याही उपाशी. सूर्य मावळताच तात्यांनी वादावादी थांबवली आणि घरून आणलेला डबा उघडला. आत खजूर.

"हा तुम्हालाही चालतो, मलाही चालतो," ते म्हणाले.

दोघांनी मिळून डबा संपवला. त्या दिवसापासून रमजानात सूर्यास्ताआधी मीटिंग उठवायची, असं ठरूनच गेलं. बाहेर पडताना इब्राहिमशेठ मला हळूच म्हणाले, "आज आम्हीपण सबकमिटीत बसलो."

*

आता कळवणकडच्या विहिरीची गोष्ट. बोर्डानं गावात विहीर खणली, पाणीही भरपूर लागलं. ती सगळ्यांना खुली करावी असा ठराव आला. गावची मंडळी चिडली. महारवाड्यानं आपली विहीर वापरावी म्हणे, आणि ती तर आटलेली!

मीटिंगच्या दिवशी दोन्हीकडची माणसं नाशकात आली. महारवाड्यातली सगुणाबाई रिकामी घागर घेऊनच आली होती. तात्यांनी तिला आत बोलावून विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पानी शे, बाबा. पन हात लावता येत नही."

गावचे पाटील हुशार. तात्यांचं सोवळं त्यांना ठाऊक होतं. ते हात जोडून म्हणाले, "आमचं काही म्हणणं नाही. देवीला कौल लावा. ती सांगेल ते मान्य."

ओल्या कळीचा काय भरवसा? डावी पडली, तर घागर तशीच परत जाणार. बाबूराव तर डोक्याला हात लावून बसले.

तात्यांनी घागरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाटील, कौल शंका असली की लावतात. तहानलेल्याला पाणी द्यावं का, हे विचारायला गेलो, तर देवी मलाच दाराबाहेर काढेल."

तात्यांनी मेंबरांना मतासाठी हात वर करायला सांगितलं आणि बाबूरावांकडे वळले.

"आणि वकीलसाहेब, हा ठराव सबकमिटीकडे जात नाही बरं का."