सबज्याचा ओटा

२०२२ साल. मी एकोणऐंशी वर्षांचा होतो, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात, मुलाच्या घरामागच्या अंगणात मी एक ओटा बांधला होता. विटांचा. मांडीएवढा उंच, दीड हात लांब, दीड हात रुंद, मेपलच्या झाडाखाली. वर मधोमध चौकोनी खण ठेवला, त्यात माती भरली आणि सबजा लावला. खणाच्या चारी बाजूंना ताट ठेवण्यापुरती जागा सोडली. ओळंबा लावून बघितला तर सुताचा फरक नाही. या वयात हात थरथरतात म्हणतात. माझे थरथरत नाहीत.

मी गवंडी. शाळा तिसरीत सुटली, तीसुद्धा पुरती झाली नव्हती. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. अलिबागकडे माझ्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. तो शनिवारी बंद असायचा म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. आडनाव गावावरून, शेवटी 'कर'. त्यामुळे इथले मराठी लोक आम्हाला आपल्यातले समजतात आणि इथले यहुदी आम्हाला कुणीच समजत नाहीत. सिनेगॉगात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघरात, पहिल्याच दिवशी एकाने मुलाला विचारलं, तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात? मुलगा हसून समजावून सांगत बसला. मी म्हणालो, "त्याला विचार, तू कधी झालास?" मुलाने ते इंग्रजीत केलं नाही.

ओटा नवसाचा होता. त्या हिवाळ्यात नातीला न्यूमोनिया झाला. बारा वर्षांची पोर, नाकाला नळ्या लावून पडलेली. मी आमच्या नबीला, रथातून स्वर्गात गेलेल्या जुन्या प्रेषिताला, बोललो, हिला उठव, मी उघड्या आभाळाखाली मलिदा करीन. मलिदा म्हणजे गोड पोहे. गूळ, खोबरं, वेलदोडा, वर पाच फळं आणि सुवासाला सबज्याची काडी. ताट मधे ठेवायचं, नबीचं गाणं म्हणायचं, आशीर्वाद मागायचा आणि सगळ्यांनी खायचं. आमच्याकडे एका खडकावर नबीच्या रथाची खूण आहे म्हणतात, तिथे हा मलिदा उघड्यावरच होतो. इथे खडक नाही, म्हणून मी ओटा बांधला. जूनमधल्या एका रविवारी मलिदा केला, मातीच्या भांड्यात ऊद जाळला, आणि बरी झालेली नात पोह्यांतले काजू तेवढे वेचून खात बसली.

नवस फिटला. ओटा तेव्हाच काढायला हवा होता. नाही काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खिडकीत उभा होतो. शेजारच्या घरात नागपूरकडच्या एक बाई लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या. इथे दोन घरांमधे कुंपण नसतं, नुसतं गवत. बाई आंघोळ करून, हातात तांब्या घेऊन, गवतातून सरळ आमच्या ओट्यापाशी आल्या. सबज्याला पाणी घातलं. विटेला हळदकुंकू लावलं. एक पिवळं फूल ठेवलं, तीन प्रदक्षिणा घातल्या, वाकून नमस्कार केला आणि गेल्या. सबजा आणि तुळस दुरून सारखीच दिसतात. त्यात माझ्या ओट्याची घडण अशी की कुणीही वृंदावनच म्हणेल.

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन त्यांच्या वेळेला उभा राहिलो.

नातीची बात मित्स्वा पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी होती. तेराव्या वर्षी मुलगी सगळ्यांसमोर तोरा, आमचा धर्मग्रंथ, वाचते, म्हणजे ती धर्माला मोठी झाली. आमच्या गावी मुलींचं असं काही नसायचं, इथे असतं. त्यात एक रीत मला फार आवडली होती. तोराची गुंडाळी आधी आजोबाच्या हातात देतात, आजोबा मुलाच्या हातात देतो आणि मुलगा पोरीच्या. तिच्या आईचे वडील वारलेले. म्हणजे तो मान एकट्या माझा. मी त्यासाठी नवा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता.

तिला भाषणही करायचं होतं. जेवताना तिने कागद काढला आणि अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी असं सांगायला लागली. जुन्या काळचे आपले लोक देवळात जायचे सोडून बागेत जायचे. हिरव्या झाडाखाली मूर्ती ठेवायचे, विटांवर धूप जाळायचे. म्हणून त्या काळचे नबी भयंकर चिडले होते.

"बागेवर कशाला चिडायचं?" मी म्हणालो. "झाडाने काय केलं?"

"झाडावर नाही, आबा. दे बाउड डाउन. टु स्टफ दे मेड." मग ती खिडकीबाहेर बघून हसली. "आपल्याकडे पण ट्री आहे. ब्रिक्स पण आहेत. वी आर सो बस्टेड, पकडले गेलो!"

मुलगा हसला नाही. त्याने बाहेर पाहिलं, संध्याकाळच्या उजेडात विटेवरचं कुंकू लांबूनही दिसत होतं. "बाबा, ते लाल काय आहे?"

"शेजारणीने लावलंय. तुळस समजते ती."

"मग तिला सांगा ना!"

"सांगतो."

सांगितलं नाही. आणि मंगळवारी सिनेगॉगातल्या एका मैत्रिणीची आई नातीला गाडीने सोडायला आली, मागच्या दाराने आत आली, आणि तिने ओटा बघितला. त्या दिवशी नारळही होता. बुधवारी मुलाला रब्बीचा, म्हणजे सिनेगॉगातल्या धर्मगुरूंचा, फोन आला. फोन ठेवल्यावर तो किचनमधे तसाच उभा राहिला.

"सिनेगॉगच्या कमिटीत बोलणं झालंय. आपल्या घरी मूर्तिपूजा चालते म्हणून. रब्बी उद्या बघायला येतायत."

"येऊ दे."

"बाबा, आत्ता धुऊन टाकतो मी ते. पाइप लावतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावायचा नाही. चोरी केलीय का आपण?"

"अकरा वर्षं लागली मला तिथे, बाबा. अकरा वर्षं मी प्रत्येकाला सांगतोय की आम्ही तुमच्यासारखेच आहोत."

"त्यांच्यासारखे कशाला? आपण आपल्यासारखे."

"ते तुम्हाला सोपं आहे. तुम्ही कुणाशी बोलतच नाही."

गुरुवारी चार वाजता रब्बी आल्या. बाई रब्बी, चाळिशीच्या, पायात धावायचे बूट. माझ्याशी हात मिळवला आणि सरळ अंगणात गेल्या. सकाळचं कुंकू ताजं होतं. नात मागच्या पायरीवर बसली, मुलगा माझ्या शेजारी उभा राहिला.

रब्बींनी विचारलं, हे लाल काय?

"बाबा, त्या विचारतायत..."

"रेड मला कळतं."

"मग सांगा. शेजारच्या काकूंनी केलंय म्हणून सांगा."

"बाईमाणसावर ढकलू? ती आत बाळाला न्हाऊ घालतेय, आणि मी इथे तिचं नाव घेऊ?"

मुलाने कपाळावर हात मारला आणि स्वतःच सांगून टाकलं. रब्बी ऐकत होत्या, मान हलवत होत्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळू, सोप्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही याच्यापुढे वाकता का?

मला राग आला. मी मुलाला म्हणालो, "तिला सांग, मी गवंडी आहे. या विटा मी दुकानात उभं राहून एकेक निवडल्या. ज्यांचे कोपरे उडालेले त्या परत केल्या. विटेत काय असतं आणि काय नसतं ते मला माहीत आहे. मी वाकतो तो ओळंबा बघायला."

मुलाने सांगितलं. रब्बी हसल्या. मला वाटलं, जिंकलं. मग त्यांनी ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं, सांध्यातून, जसं एखादा कारागीर फिरवतो, आणि अगदी शांतपणे विचारलं, मग इतके दिवस पुसलं का नाहीत?

मुलाने ते मराठीत केलं. गरज नव्हती. मला कळलं होतं.

मेपलवर खारी धावत होत्या, त्यांच्याकडे बघत राहिलो. उत्तर पायरीवरून आलं.

"ही लाइक्स इट," नात म्हणाली. "रोज सकाळी आबा चहा घेऊन विंडोत उभा असतो. ती येईपर्यंत थांबतो. आय सॉ यू, आबा. ती बाउ करते ना, तेव्हा तू स्माइल करतोस."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. रब्बींनी खाली बघितलं. भर उजेडात, स्वतःच्या अंगणात, कुणी अंगावरचं धोतर ओढावं तसं मला झालं.

रब्बी जाताना जे बोलल्या ते मुलाने मला शब्दाशब्दाने सांगितलं. मलिद्याला त्यांची हरकत नव्हती, उलट पुढच्या वर्षी सिनेगॉगात करा म्हणाल्या. पण शनिवारी मला पुढे बोलवायचं तर कमिटीला त्यांना खरं सांगता आलं पाहिजे, की इथे कुणी कशाची पूजा करत नाही. आणि आज ते खरं नाही. ओट्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मला उद्या दुपारपर्यंत कळवा.

"कळवायचं काय त्यात?" मी म्हणालो. "सांग तिला, मान नको मला. हात जोडून मान मागणाऱ्यांतला मी नाही. तुझ्या सिनेगॉगात मी मागच्या बाकावर बसीन."

मुलगा रब्बींना गाडीपर्यंत सोडायला गेला. नात पायरीवरून उठली. तिचा आवाज चढला नाही.

"मग माझ्या हातात कोण देणार?"

"तुझा बाप देईल."

"त्याला कोण देणार?"

मी सबज्याचं एक वाळकं पान खुडलं.

"तुला विटा जास्त आवडतात," ती म्हणाली. सगळं मराठीत म्हणाली, एकही इंग्रजी शब्द नाही. "मी भाषणात तुझं नाव घेणार होते. आता नाही घेणार."

दार आपटलं नाही तिने. हळू लावलं. आपटलं असतं तर मीही ओरडलो असतो आणि मामला बरा झाला असता.

मी ओट्यापाशीच खुर्ची घेऊन बसलो. जूनमधे इथे आठ-साडेआठपर्यंत ऊन असतं. मी पन्नास वर्षं दुसऱ्यांची घरं बांधली. बंगले बांधले, शाळा बांधल्या, एक सिनेगॉगही बांधलं. कुणी माझ्या भिंतीपुढे उभं राहून 'वा' म्हटलेलं मला आठवत नाही. भिंत सरळ आली तर लोक तिच्यावर खिळा ठोकतात, वाकडी आली तर गवंड्याला शिव्या देतात. आणि इथे, परक्या देशात, एक बाई रोज सकाळी ओल्या केसांनी येऊन माझ्या विटांपुढे डोकं टेकत होती. ती तुळशीला टेकत होती हे मला माहीत होतं. तरी मला बरं वाटत होतं. ती जरा उशिरा आली की मी घड्याळ बघायचो. हे रब्बीला इंग्रजीत सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, आणि मराठीत सांगायला तोंड नव्हतं. नातीच्या कागदावर लिहिलेल्या त्या जुन्या लोकांची मी मनात खिल्ली उडवली होती. स्वतः घडवायचं आणि स्वतःच भुलायचं, एवढे कसे येडे होते ते? एवढेच होते, माझ्याएवढे.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला घोर नको. मुलाने रब्बींना वेळेत कळवलं, आणि शनिवारी तोराची गुंडाळी माझ्या हातातून मुलाच्या हातात गेली आणि त्याच्या हातातून नातीच्या. केवढी जड असते ती! भाषणात तिने माझं नाव घेतलं नाही. बोलल्याप्रमाणे वागली. माझीच नात.

पण त्याआधी, शुक्रवारी सकाळी मी खिडकीत उभा राहिलो नाही. सहाला खाली उतरलो, हातोडी आणि छिन्नी घेऊन ओट्यापाशी थांबलो. बाई तांब्या घेऊन आल्या आणि मला बघून थबकल्या.

"नमस्कार, भाऊ. आज तुम्ही पण पूजेला का?"

"ताई, ही तुळस नाही. सबजा आहे."

"काय म्हणता?"

"सबजा. फालुद्यात बी घालतात, तो. आणि आम्ही हिंदू नाही. यहुदी आहोत."

त्यांनी झाडाचं एक पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं. "अगं बाई! माझी सर्दी मेली, वासच येत नव्हता." मग माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला कधी कळलं मी येते ते?"

"पहिल्या दिवशी."

"पहिल्या दिवशी! अन् तुम्ही आतून बघत बसले? मी इकडे सबज्याला प्रदक्षिणा घालून राहिली, अन् तुम्ही चहा पिऊन राहिले?"

"चूक झाली."

"म्हातारे झाले, पण लाज नाही जी तुम्हाला." त्यांनी तांब्यातलं पाणी तरीही सबज्याच्या मुळाशी ओतलं. "झाडाला काय माहीत." मग माझ्या हातातल्या हातोडीकडे बोट दाखवलं. "हे कशाला?"

"काढतोय."

"एवढं चांगलं बांधलंय!"

शेवटी तो 'वा' आलाच. दहा दिवसांपूर्वी ऐकला असता तर छाती फुगली असती.

"विटा टाकणार असाल तर मला द्या," त्या म्हणाल्या. "लेकीकडे खरी तुळस आहे कुंडीत. खाली ओटा नाही तिला."

"बांधून देईन. पण रविवारी. उद्या शनिवार, आम्ही काम करत नाही."

"बघा बाप्पा. आता खरं बोलताय ना?"

"खरं."

त्या तोंडाला पदर लावून गेल्या, हसत होत्या की चिडल्या होत्या ते कळलं नाही. मी सबजा मुळासकट उपटून बादलीत ठेवला. ओंजळीत पाणी घेऊन विटांवरचं कुंकू पुसलं. सिमेंट पक्कं बसलं होतं. मी छिन्नी वरच्या थराच्या कोपऱ्यातल्या सांध्यावर धरली आणि हातोडी मारली. पहिल्या घावाला वीट हलली नाही. मी पुन्हा मारली.