पायपेटीच्या पोटातलं नाव

तिवशाच्या शाळेत उद्धवरावांनी सारी नोकरी गणित शिकवण्यात घालवली, पण अमरावतीत त्यांना लोक ओळखतात ते पायपेट्यांमुळे. दोन्ही पायांनी भाता दाबत वाजवायची, छोट्या कपाटाएवढी ती पेटी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कारखान्यांतून जहाजानं आली, नाटक मंडळ्यांबरोबर नि मिशनऱ्यांबरोबर वऱ्हाडात फिरली आणि शेवटी कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या अडगळीत जाऊन बसली. कुठं एखादी मुकी झाली की उद्धवरावांना निरोप येतो आणि हा गृहस्थ भरलं ताट सोडून निघतो. बायकोच्या रागाची त्यांना सवय झालीय. बायकोला मात्र त्यांची अजून झालेली नाही.

हा नाद लागला तो नोकरीच्या पहिल्या वर्षी. शाळेची प्रार्थनेची पेटी बंद पडली, म्हणून बाळापूरहून शालिकराम मिस्त्री आले. उद्धवरावांनी बॅटरी धरली. पेटीच्या पोटात, लाकडावर, पेन्सिलीनं एका अमेरिकन कारागिराचं नाव होतं आणि १८९१ ची तारीख. मिस्त्रींनी काम संपवून त्याखाली आपलं नाव टाकलं. समुद्राच्या दोन टोकांची दोन माणसं एका फळीवर भेटलेली बघून बावीस वर्षांचा मास्तर जो खुळावला तो खुळावलाच. त्यांनी मिस्त्रींचं शिष्यत्व पत्करलं आणि उघडलेल्या प्रत्येक पेटीची वहीत नोंद ठेवली. कारागीर कोण, पेटी इथं कुणी आणली, तिच्यावर काय काय वाजलं. बघता बघता त्रेसष्ट पेट्या झाल्या.

अमेरिकन संगीताच्या अभ्यासाला पुरस्कार आणि अनुदान देणारी एक संस्था तिकडे आहे, हे शोधलं त्यांच्या मुलीनं, अनुपमानं. ती कॉलेजात इंग्रजी शिकवते.

"अमेरिकेच्या संगीताशी माहा काय संबंध?" उद्धवरावांनी विचारलं.

"बाबा, त्यांच्या पेट्यांनी इथं येऊन काय वाजवलं, हे त्यांले कोण सांगन? तुमीच ना!"

अर्ज गेला, सोबत पेट्यांच्या पोटातल्या नावांचे फोटोही. वरवर त्यांनी सगळं हसण्यावारी नेलं, पण ते अनुदान त्यांना मनापासून हवं होतं. उरलेल्या पेट्या शोधायच्या होत्या, पुस्तक काढायचं होतं. त्याहून जास्त म्हणजे, आपला हा नाद निव्वळ खुळेपणा नव्हता, असं कुणीतरी जाणत्यानं म्हणायला हवं होतं.

संस्थेचं उत्तर आलं. नोंदी उत्तम आहेत. पण तुम्ही पाठवलेल्या एकाही फोटोत तुमचं नाव नाही, सगळीकडे शालिकराम. पेट्या तुम्हीच उघडल्या आणि लावल्या, याचा पुरावा महिनाअखेरपर्यंत पाठवा.

अनुपमानं कपाळावर हात मारला. "तुमी तुमचं नाव कावून नाई टाकलं?"

"गुरू हयात असेपर्यंत शिष्यानं गुरूचंच नाव टाकायचं असते," उद्धवराव म्हणाले. यात चूक कसली, तेच त्यांना कळेना.

"मग मिस्त्रीकाकांकडून लिहून आणा."

इथंच घोडं अडलं. १९८९ साली मिस्त्रींचा उजवा हात मोडला होता, तेव्हा त्यांच्या घरची पेटी उद्धवरावांनी एकट्यानं लावली होती. त्यानंतर मिस्त्रींनी त्यांना ती कधीच उघडू दिली नाही. 'माही पेटी मीच पाहीन', एवढंच म्हणायचे. आपले सूर गुरूला पसंत पडले नाहीत, हा सल इतकी वर्षं मनात होता. आता त्याच माणसाकडून कामाचा दाखला कोणत्या तोंडानं मागायचा?

तरी गेले. अकोल्याला गाडी बदलून दुपारी बाळापूरला पोचले. सत्त्याऐंशी वर्षांचे मिस्त्री खाटेवर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मले लिहायले लावू नको, हात हालते माहा. जा, ते पेटी उघड."

"कोणती?"

"कोणती म्हंजे? किती पेट्या हायेत माह्या घरी?"

उद्धवरावांनी मागची फळी काढली. वर अमेरिकन कारागिराचं नाव. त्याखाली त्यांच्याच तरुण अक्षरात 'शालिकराम, १९८९'. आणि त्याच्याही खाली मिस्त्रींची वाकडीतिकडी अक्षरं, डाव्या हातानं काढलेली: 'सूर उद्धवनं लावले. असे मले कधी लागले नाई. मी नुसता चहा पेलो.'

उद्धवरावांनी फळी उजेडाकडे वळवून ते पुन्हा वाचलं. डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत.

"मिस्त्रीजी, हे तवाच कावून नाई सांगतलं?"

"तवा वाचलं असतं त डोक्यात हवा गेली असती तुह्या. म्हून त उघडू नाई देल्ली." मिस्त्रींनी शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "आता साठी उलटली तुही. आता जाऊ दे थोडीशी. आन् आयक, पुढच्या पेटीत तुहं नाव टाकजो."

फळी अंगणात नेऊन फोटो काढले, तर पहिल्या तिन्हींवर त्यांचीच सावली पडली. चौथा अमेरिकेला गेला. चहाचं वाक्य ठेवावं की गाळावं, यावर अनुपमानं दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी ठेवलं. पुढच्या महिन्यात अनुदान मंजूर झाल्याचं कळलं. बायकोनं शेजारीपाजारी पेढे वाटले. उद्धवराव मात्र ज्याला त्याला अनुदानाऐवजी त्या फळीचाच फोटो दाखवत सुटले.

चौसष्टावी पेटी धामणगाव रेल्वे या गावी एका अडत्याच्या घरी निघाली. सूर लागल्यावर त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. सवयीनं आधी गुरूचं नाव लिहिलं. मग थोडं थांबून त्याखाली, जरा लहान अक्षरात, उद्धव.