दोन सीटांच्या गाडीचं इंजिन

साठ सालानंतरची गोष्ट. मुरबाडच्या नाक्यावर माझं गॅरेज होतं आणि मागच्या खोलीत मी एकटाच राहायचो. एके सकाळी शहापूरकडचे एक वयस्कर साहेब आपली दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी बैल जुंपून ओढत घेऊन आले. इंजिन उतरवावं लागणार होतं.

मी चाकांना दगड लावले, बॅटरी सोडली, पाणी आणि ऑइल काढलं, बोल्ट खोलले. मग कप्पीची साखळी हळूहळू ओढू लागलो. बोटभर उचलायचं, थांबायचं, कुठे काही अडकलंय का ते बघायचं. अर्ध्यावर इंजिन झुललं आणि साहेब धरायला धावले.

"मागं व्हा! इंजिनाखाली हात घालू नका तुमी!" मी ओरडलो.

ते मागे सरले आणि हसले. "बायको गेल्यापासून माझ्यावर कुणी ओरडलंच नव्हतं."

इंजिन फळ्यांवर टेकल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवस लागतील? मी रोज येऊन बसलो तर चालेल?"

काम चार दिवसांचं होतं. मी आठ सांगितले.

ते आठही दिवस आले. त्यानंतर गाडी पुन्हा कधी बिघडली नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटत राहिलं.