चार चाकांचा कान

पुनमचंदशेठना ऐकू कमी येतं हे कळंबच्या पेठेत कुणालाच ठाऊक नाही, असा पुनमचंदशेठचा समज होता. भुसार मालाच्या दुकानात गादीवर बसणाऱ्या माणसाचा कान गेला म्हणजे अर्धं दुकान गेलं, हे त्यांचं पक्कं मत. गिऱ्हाईक भाव पाडताना हळू बोलतं, दलाल खरी गोष्ट त्याहून हळू सांगतो, आणि शेठला ऐकू येत नाही असं एकदा फुटलं की जो तो तोंडावर टोपी घालून जाईल, अशी त्यांना धास्ती. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की बघायचं. चेहरा गंभीर असला तर "बघू" म्हणायचं, हसरा असला तर "बरं झालं" म्हणायचं. समोरासमोर हे बरंचसं निभावून जायचं. फोनवर मात्र चेहरा दिसत नाही. तिथे सगळाच अंदाजपंचे कारभार.

त्यांच्या पत्नी कंचनबाई कानाच्या मशीनचा विषय काढून काढून थकल्या. मशीन लावलं की गिऱ्हाईक तोंडाकडे बघायचं सोडून कानाकडे बघेल, हे शेठचं उत्तर ठरलेलं. शेवटी बाईंनी नाद सोडला आणि मोठ्यानं बोलायची सवय लावून घेतली. त्यामुळे त्या घरात आमटीला मीठ जास्त झालं की पेठेच्या दुसऱ्या टोकाला कळे. शेठ बिचारे समजत, बाईचा स्वभाव वयोमानानं तापट होत चाललाय.

तर अशा या शेठना त्या वर्षी एकच दुःख होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आहुप्याचा हौशीराम त्यांच्याशी बोलेनासा झाला होता.

हौशीराम म्हणजे डोंगरातला शेतकरी. भात, नाचणी आणि रानातला हिरडा, एवढ्यावर त्याचं घर चाले. शेठचे वडील पूर्वी हिरड्याची खरेदी करायचे. हंगामात ते पोरसवद्या पुनमला हौशीरामाच्या घरी मुक्कामाला ठेवत. तेव्हापासूनची ही दोस्ती. पुढे हौशीरामाचं लग्न झालं, गोजरबाई घरात आली, आणि पुनम जैन आहे, कांदालसूण खात नाही, हे कळल्यावर तिनं त्याच्या कालवणाचं गाडगंच वेगळं ठेवलं. जगात शेठला अरेतुरे करणारं, "पुन्या" म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं. आहुप्यात रेंज नाही, म्हणून हौशीराम देवराईच्या वरच्या टेकडीवर चढून फोन करायचा. होळीच्या सुमारास त्याचा असाच फोन आला होता. हिरड्याचा बाजार पडल्याचं तो सांगत होता, आणि शेठनी त्याला चार अनुभवाच्या गोष्टी सांगून धीर दिला होता. त्यानंतर हौशीरामानं ना फोन केला, ना उचलला. गणपती येऊन गेले. शेठ दुकानात बसून त्याचं नाव लावायचे, रिंग वाजतेय की नाही हेही त्यांना धड कळायचं नाही, आणि मग उगाच नोकरावर खेकसायचे.

आता गाडीचं सांगायचं. शेठकडे एक जुनी चांदीच्या रंगाची मर्सिडीज होती. पुण्याच्या एका बिल्डरानं वापरून सोडलेली, पण शेठनी ती अशी जपली होती की देव्हाऱ्यातल्या मूर्तीनं हेवा करावा. मुलगा पीयूष ती विकायला निघाला होता. त्याचं म्हणणं, या गाडीत सीडी घालावी लागते, आणि सीडी आता रद्दीवालासुद्धा घेत नाही. बापलेकांत बरीच खडाजंगी झाल्यावर कंचनबाईंनी तोड काढली. गाडी राहू दे, तिच्यात ब्लूटूथ बसवून घ्या. फोनही गाडीतच बोलेल आणि गाणीही फोनवरून वाजतील. शेठ एका अटीवर कबूल झाले. काम त्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं.

म्हणून एका सकाळी हायवेच्या कडेला रामदासच्या गॅरेजसमोर शेठ खुर्ची टाकून बसले. रामदास गाड्यांची वायरिंग करायचा आणि बोलायचा दोन माणसांचं. त्यानं रेडिओ बाहेर ओढला तेव्हा शेठ खुर्चीतून अर्धे उठले. "काय न्हाई होत, शेट," रामदास ओरडून म्हणाला आणि त्यांना जवळ बोलावून एका केबलचं टोक दाखवलं. आत तांब्याची तार नव्हती. टोकाला लाल उजेडाचा एक ठिपका होता. या गाडीत आवाज उजेडातून पळतो, त्यानं समजावलं. साधी वायर जोडून भागत नाही, त्याच उजेडाच्या साखळीत एक डबी गुंफायची. कंपनीचा रेडिओ आहे तिथंच राहणार, डबी मागं लपणार, आणि बोलायचा माइक आरशाजवळ. शेठना यातलं निम्मं ऐकू आलं आणि त्यातलं निम्मं समजलं, पण तो लाल ठिपका त्यांना फार आवडला.

दुपारपर्यंत काम झालं. पीयूषनं वडिलांचा फोन गाडीला जोडला, त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, काचा वर केल्या आणि इंटरनेटवरून एक स्तवन लावलं. रोज पहाटे कंचनबाई लावतात तेच. शेठनी सवयीनं हात जोडले. मग त्यांचे हात सुटले. ते दारांकडे बघू लागले, मागे वळून बघू लागले.

"हे कुणी दुसऱ्यानं म्हटलंय काय रे?" त्यांनी विचारलं. "यात झांजा आहेत."

पीयूष म्हणाला, तेच आहे पप्पा, झांजा पहिल्यापासून आहेत.

रोज पहाटे झांजा वाजत होत्या आणि आपण त्यांच्याशिवायच हात जोडत होतो, हे शेठना एकदम लागलं. पण लागण्यापेक्षा आनंद मोठा होता. चारही दारांतून आवाज येत होता आणि एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं वेगळं वेगळं होतं. त्यांनी स्तवन पुरतं ऐकलं, आणि मग पीयूषला नि रामदासला चहा प्यायला पिटाळलं. एकटे झाल्यावर त्यांनी फोनमध्ये हौशीरामाचं नाव लावलं. आज रिंगसुद्धा स्पष्ट ऐकू येत होती.

"हां नूतन, बोल गं पोरी," गाडीभर आवाज घुमला. नूतन ही हौशीरामाची नात. नंबर न बघता त्यानं फोन उचलला होता.

"हौशीराम, मी पुनम."

तिकडे नुसता वारा. मग आवाज आला, "कोन, शेट व्हय? बोला शेट."

हौशीरामानं त्यांना जन्मात कधी शेट म्हटलं नव्हतं. इतके दिवस ऐकू येत नव्हतं तेच बरं होतं, असं शेठना क्षणभर वाटलं. तरी त्यांनी विचारलं, माझं काय चुकलं ते सांग.

"तुमचं काय चुकनार? मोठी मान्सं तुमी," हौशीराम म्हणाला. आणि मग त्याचा बांध फुटला. "व्हळीच्या टायमाला फोन केला मी. म्हन्लं गोजर पडली. बांधावरनं पडली, पायाचं हाड मोडलं. मला वाटलं तू गाडी धाडशील. आन् तू काय म्हन्लास? पडू दे की. आत्ता हात लावू नको. चार दिवस पडून राहू दे, आपोआप वर येईल."

गोजर. बाजार नव्हे, गोजर. व्यापाऱ्याच्या कानाला पडतो तो बाजारच, दुसरं काही पडू शकतं हे त्या कानाला सुचलंच नव्हतं. आता दोनच वाटा होत्या. रेंजवर ढकलून मोकळं व्हावं, किंवा जे बायकोपुढे, डॉक्टरपुढे आणि मंदिरात देवापुढेही कबूल केलं नव्हतं ते सांगावं.

"हौशीराम, मला ऐकू येत नाही रे," शेठ म्हणाले. "बरीच वर्षं झाली. गोजर पडली हे मला ऐकूच आलं नाही. मला बाजार पडला असं ऐकू आलं. आज गाडीत यंत्र बसवलंय, म्हणून तुझं बोलणं कळतंय."

मग हौशीरामानं अगदी सावधपणे विचारलं, "मंग नूतनच्या टायमाला?"

नूतनच्या वेळेचं त्यानंच सांगितलं. पोरगी बारावी झाली तेव्हा सगळे भाऊबंद तिच्या लग्नाच्या मागे लागले होते. त्यानं टेकडीवरून शेठला विचारलं होतं, नूतनला नर्सिंगला टाकू का? शेठ म्हणाले होते, टाक, उशीर करू नको. त्या एका शब्दावर त्यानं भावकीचा विरोध मोडून काढला. नूतन शिकली, घोडेगावच्या दवाखान्यात नर्स झाली. आजी पडली तेव्हा जीप घेऊन तीच धावत आली, आणि तिच्यामुळेच गोजरबाई आज पायावर उभी होती. एवढं सांगून हौशीराम उत्तराची वाट बघत राहिला.

हो म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. शेठच्या ओठांवर ते आलंही. पण आज खोटं बोलवेना.

"मला नर्सरी टाकू का असं ऐकू आलं होतं," ते म्हणाले. "रोपांची."

"म्हनून तू म्हन्लास व्हय, पानी कमी पडू देऊ नको?"

"म्हणून."

"आरं पुन्या," हौशीराम म्हणाला, "मी तिच्या हॉस्टेलला माठ नेऊन दिला व्हता."

आणि तो हसायला लागला. आधी फुसफुसत, मग मोठ्यानं, मग खोकत. चारही दारांतून आहुप्याच्या टेकडीवरचं हसू गाडीत शिरलं आणि शेठही हसू लागले, डोळ्यांना धार लागेपर्यंत. हसता हसता तिकडे हौशीराम दोन पावलं खाली सरकला असावा, कारण रेंज गेली.

डोळे पुसत शेठनी काच खाली केली. बाहेर पीयूष, रामदास आणि चहावाला असे तिघे उभे होते, हातातला चहा गार झालेला. आवाज शेवटच्या रेघेपर्यंत वाढवलेला होता हे शेठना आत्ता कळलं. ते ओशाळले. रामदासनं त्यांना समजावलं की यात लाजण्यासारखं काही नाही, सगळ्या पेठेला हे कधीपासून ठाऊक आहे, म्हणून तर तुमच्या दुकानात माणसं ओरडून बोलतात. शेठना इतकी वर्षं वाटत होतं, कळंबची माणसं उद्धट झाली.

तेवढ्यात गाडी वाजली. शेठनी घाईनं काच वर केली. या वेळी आवाज बाईमाणसाचा होता.

"भावजी, आयकू येतंय का?"

"येतंय, वहिनी."

"समदं?"

"सगळं."

"मंग आयका," गोजरबाई म्हणाली, आणि तिनं सुरू केलं. नूतननं चालायला सांगितलंय म्हणून ती रोज काठी टेकत टेकडी चढते, आणि रोज बघते, हा मानूस फोन हातात घेऊन खालच्या खोऱ्याकडं तोंड करून बसलेला. अर्धी भाकर टाकून उठतो. म्हन्लं एकदा इचारा, तर ह्याची शेंडी ताठ. आणि तुमी? खाली एवढी गाडी दारात, वर यायला पाय मोडला व्हता का? पाय तर माझा मोडला व्हता. कानात मशीन घालायला लाज वाटती, आन् आयकू न येता तोंडाला येईल ते बोलायला लाज वाटत न्हाई? आन् त्या कंचनवैनीचा गळा काय लोखंडाचा हाय?

शेठनी सीटला मान टेकली आणि डोळे मिटले. शब्दामागून शब्द येत होता, पुरता, काठासकट. तिच्या बांगड्या वाजत होत्या. मागे हौशीराम तिला पुरे म्हणत होता, तेही ऐकू येत होतं. मग दम घ्यायला ती थांबली, आणि संपलं की काय, या भीतीनं शेठनी डोळे उघडले.

"वहिनी," ते म्हणाले, "अजून बोला."